आधी गाठ की आधी मूत्रपिंड? मेंढपाळ कुटुंबातल्या एका बाईचं प्रकरण

पार्श्वभूमी

जत तालुक्यातलं धनगर कुटुंब. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचं, ऊस तुटलेल्या रानांत मेंढरं बसवायची आणि मृगाच्या आसपास गावाकडं परतायचं. रुग्ण म्हणजे या घरातली चाळिशीतली सून. ओळख पटू नये म्हणून वय, नातीगोती आणि मुक्कामाचे तपशील बदलले आहेत.

माघात तिचे पाय सुजायला लागले. वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, दर दोन-तीन दिवसांनी हलतो, डोक्यावर ओझं असतं, चालणं कुणाला चुकत नाही. त्यामुळे सूज थकव्याच्या खात्यात जमा झाली. वाटेतल्या एका दवाखान्यात लघवीची गोळी मिळाली. सूज उतरली आणि गोळी संपल्यावर परत आली. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या ती वर्षभर अधूनमधून घेत होती. एका गावात कुणी काढाही दिला होता. चैत्र लागेपर्यंत सकाळी डोळे उघडेनात, पोट फुगलं, जोडवी बोटांत रुतून जखम झाली. ती जोडवी कापून काढायला लागली तेव्हा सासूनं हट्ट धरला आणि तिला मिरजेला आणलं. वाडा त्या वेळी वाळवा तालुक्यात होता. जतच्या पूर्व भागात असता तर आणखी महिनाभर गेला असता, असं तिचा नवरा स्वतःच म्हणाला.

पहिल्या तपासण्या आणि एक दुर्लक्षित ओळ

लघवीला फेस येतो का, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. येत होता, कित्येक आठवड्यांपासून. चोवीस तासांच्या लघवीत ६.८ ग्रॅम प्रथिनं निघाली. निरोगी माणसात ती दीडशे मिलिग्रॅमच्या आत असतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन १.९, म्हणजे हवं त्याच्या जेमतेम निम्मं. कोलेस्टेरॉल ३४८. मूत्रपिंड रक्त किती साफ करतं ते सांगणारं क्रिएटिनिन मात्र ०.८, म्हणजे नॉर्मल, रक्तदाब आणि साखर ठीक. मूत्रपिंडाची गाळणी प्रथिनं धरून ठेवत नव्हती, पण रक्त साफ करायचं काम अजून चोख चाललं होतं. याला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात. हा आजाराचा चेहरा झाला. कारण अजून शोधायचं होतं.

हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही निगेटिव्ह. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, त्याची तपासणी निगेटिव्ह. कॉम्प्लिमेंट या प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांची पातळी नेहमीसारखी. हिमोग्रामच्या कागदावर इओसिनोफिल, म्हणजे जंत किंवा ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ९ टक्के असं छापलेलं होतं. आपल्याकडं ही ओळ बघून बहुतेक जण जंताची एक गोळी देतात आणि पुढं जातात. इथं ती ओळ एका दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून वाचायला हवी होती. पिशवीच्या तळाशी, महिन्याभरापूर्वी दुसरीकडं केलेल्या सोनोग्राफीचा तो कागद होता: ‘मूत्रपिंडं आकाराने नॉर्मल, यकृतात साधी सिस्ट.’

सोनोग्राफी पुन्हा केली. यकृताच्या उजव्या भागात ८.२ सेंटिमीटरची पाण्याची गाठ होती. भिंतीला दोन रेषा स्पष्ट दिसत होत्या. बाईंना कुशीवर वळवलं की तळाचे बारीक कण पाण्यात उसळून पुन्हा खाली बसत. साध्या सिस्टमध्ये हे दिसत नाही. ही हायडॅटिडची, म्हणजे कुत्र्याच्या पट्टकृमीमुळे होणारी गाठ होती, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत पहिल्या अवस्थेतली, म्हणजे जिवंत.

नवरा पडद्याकडं बघत उभा होता. तो म्हणाला, “आवं सायेब, असलं पाण्याचं फोड आमच्या मेंढरांच्या काळजात निघत्यात की. जत्रंला मेंढरू पाडलं की दिसत्यात. खायाच्या कामाचं न्हाई, म्हून कुत्र्याम्होरं टाकतो.”

रोगाचं चक्र त्यानं एका दमात सांगून टाकलं होतं.

यकृतातल्या गाठीचा मूत्रपिंडाशी काय संबंध

एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांबी जेमतेम काही मिलिमीटर, आणि कुत्र्याला त्याचा फारसा त्रासही होत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर जातात, मेंढी चरताना ती गिळते आणि तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी तयार होतात. अशा गाठीचं काळीज कुत्र्यानं खाल्लं की फेरा पूर्ण. माणूस या फेऱ्यात चुकून शिरतो. कुत्र्याच्या केसांवरून हाताला, हातावरून भाकरीला, नाहीतर उघड्यावरच्या पाण्यातून अंडी पोटात जातात. गाठ इतकी सावकाश वाढते की अंडं पोटात गेल्याला दहा-पंधरा वर्षं झालेली असू शकतात.

मूत्रपिंडातच हायडॅटिडची गाठ होणं हा निराळा आजार. शंभर रुग्णांत दोन-तिघांना तो होतो. या बाईंच्या मूत्रपिंडात गाठ नव्हती, कृमीही नव्हता. गाठीच्या भिंतीतून कृमीची प्रथिनं थोडी थोडी रक्तात झिरपतात. शरीर ती परकी म्हणून ओळखतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. दोघांच्या जोड्या रक्तात फिरत मूत्रपिंडाच्या गाळणीपर्यंत पोचतात. किंवा कृमीचं प्रथिन आधी गाळणीच्या बाहेरच्या अंगाला जाऊन चिकटतं आणि अँटिबॉडी तिथं येऊन त्याला गाठते. दोन्हीचा परिणाम एकच. त्या जागी कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली साखळी पेटते, गाळणीला बाहेरून आवळून बसलेल्या पोडोसाइट पेशींचे पाय सपाट होतात आणि प्रथिनं लघवीत सुटतात. इजा करणारा हात आपल्याच प्रतिकारशक्तीचा असतो.

परजीवी एकीकडं आणि बिघाड मूत्रपिंडात, ही कल्पना जुनी आहे. १९३० साली जॉर्ज जिग्लिओली यांनी ब्रिटिश गयानातल्या मलेरियाच्या रुग्णांत मूत्रपिंडाच्या विकाराचं वर्णन केलं. पुढं दर चौथ्या दिवशी ताप आणणाऱ्या प्लास्मोडियम मलेरी या जातीशी त्याचा संबंध पक्का होत गेला. तिथली एक गोष्ट आमच्या चर्चेत पुन्हा पुन्हा आली. त्या मलेरियात परजीवी मारला तरी मूत्रपिंड बहुधा सुधारत नाही. उलट हिपॅटायटिस बी किंवा सिफिलिसमुळे गाळणी बिघडली असेल, तर मूळ रोगावरच्या उपचारानं ती बऱ्याचदा सावरते. हायडॅटिडबाबत हाताशी काय होतं? जगभरातून तुरळक छापून आलेल्या एकेका रुग्णाच्या नोंदी, गाठ काढल्यावर किंवा अल्बेंडाझोल ही कृमी मारणारी गोळी दिल्यावर प्रथिनं थांबल्याच्या. आणि बरे झालेले रुग्णच छापले जातात, हेही ठाऊक होतं.

पहिला निर्णय: बायोप्सी

गाठ सापडली, मग बायोप्सी, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणं, कशाला, असं एक मत पडलं. ते टिकलं नाही. गाठ आणि मूत्रपिंडाचा आजार एकाच माणसात योगायोगानं असू शकतात. शिवाय डायक्लोफेनॅक आणि तो काढा हे दोन संशयित मोकळे होतेच. पारंपरिक औषधांत पारा असेल तर त्यानंही अशीच गाळणी बिघडते, हे आता भारतात चांगलंच माहीत झालं आहे.

बायोप्सीत मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, म्हणजे गाळणीच्या पडद्याचा आजार निघाला. गाळणीच्या पडद्याच्या बाहेरच्या बाजूला कंगव्याच्या दातांसारखे टोचरे उंचवटे, आणि इम्युनोफ्लुरोसन्स या चमकत्या रंगाच्या तपासणीत आयजीजी (अँटिबॉडी) व सी३ (कॉम्प्लिमेंटचा भाग) यांचे दाणेदार थर. या रोगाच्या दोन जाती. एकीत शरीर स्वतःच्याच पेशींवर उठतं. त्यातल्या सुमारे ७० टक्के रुग्णांत पीएलए२आर या पोडोसाइटवरच्या प्रथिनाविरुद्धची, २००९ साली सापडलेली अँटिबॉडी मिळते. दुसरीत बाहेरचं काही कारण असतं. आमच्या रुग्णात ही अँटिबॉडी रक्तात नव्हती आणि बायोप्सीच्या तुकड्यातही पीएलए२आरचा डाग निगेटिव्ह आला. हायडॅटिडची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. आता पारडं बाहेरच्या कारणाकडं झुकलं. पुरावा मात्र अजून परिस्थितीजन्यच होता.

दुसरा निर्णय: स्टिरॉइड आता की नंतर

खरी ओढाताण इथं झाली. अल्ब्युमिन १.९ म्हणजे संसर्गाची भीती, शिरांत रक्त गोठण्याची भीती. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की ही बाई वाड्यावर राहते, पुन्हा कधी हाती लागेल सांगता येत नाही. आहे तोवर स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची सहा महिन्यांची पद्धत सुरू करावी. हा मुद्दा हलका नव्हता. फिरस्त्या रुग्णाच्या बाबतीत ‘थांबून पाहू’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘सोडून दिलं’ असाच होतो.

दुसरी बाजू अशी. क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर मेम्ब्रेनसमध्ये सहा महिन्यांपर्यंत फक्त आधाराचे उपचार देऊन थांबणं मान्य आहे, कारण सुमारे एक तृतीयांश रुग्ण आपोआप सुधारतात. पोटात जिवंत हायडॅटिड असताना प्रतिकारशक्ती दाबणं म्हणजे कृमीला मोकळं रान देणं. आणि रोग गाठीमुळेच असेल, तर स्टिरॉइडनं तो दबेल आणि गोळ्या थांबल्यावर परत येईल, कारण प्रथिनं झिरपणं चालूच राहणार.

माझ्या मते निर्णायक ठरला तो उलटवता येण्याचा मुद्दा. थांबणं चुकलं असतं, तर दोन महिन्यांनी स्टिरॉइड सुरू करता आलं असतं. सायक्लोफॉस्फामाइड चुकलं असतं, तर ते शरीरातून परत घेता आलं नसतं. आधी गाठ, असं ठरलं. सोबत थांबण्याची हद्दही कागदावर लिहिली: क्रिएटिनिन १.५ च्या वर गेलं, किंवा सहा महिन्यांत प्रथिनं निम्म्यावर आली नाहीत, तर पुन्हा बसायचं. ही हद्द आधी लिहून ठेवली होती म्हणूनच पुढचा एक कठीण आठवडा निभावला.

तिसरा निर्णय: गाठीचं काय करायचं

पाच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीला नुसत्या गोळ्या सहसा पुरत नाहीत. शस्त्रक्रिया शक्य होती, पण इतक्या कमी अल्ब्युमिनला जखम भरायला वेळ लागतो. उरली ‘पेअर’ नावाची पद्धत: सोनोग्राफीखाली सुई घालायची, पाणी ओढायचं, कृमी मारणारं औषध आत सोडायचं, पुन्हा ओढून घ्यायचं. पहिल्या अवस्थेतल्या एकसंध गाठीला ती चालते. आत पिल्लं-गाठी असत्या तर चालली नसती.

पण इथं दोन उपचार एकमेकांच्या आड आले. रक्त गोठू नये म्हणून पातळ करणारं औषध हवं होतं आणि सुई घालायची तर ते थांबवायला हवं होतं. वॉर्फरिन सुरू केलं असतं तर त्याचा असर उतरायला दिवस गेले असते. म्हणून हेपॅरिनचं पोटात टोचायचं इंजेक्शन निवडलं, सुईच्या आदल्या दिवशी थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी परत चालू केलं. वॉर्फरिन सगळं पार पडल्यावर आलं.

प्रत्यक्ष उपचार

डायक्लोफेनॅक आणि काढा बंद. लघवीतली प्रथिनं कमी करणारं टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू. जेवणातलं मीठ कमी करायचं होतं. भाकरी आणि ठेचा यावर दिवस काढणाऱ्या घरात हे सांगायला सोपं, करायला अवघड. शेवटी सासूनं तिच्यापुरता ठेचा वेगळा कुटायला सुरुवात केली.

अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ही गोळी उपाशीपोटी फार कमी शोषली जाते. स्निग्ध जेवणाबरोबर घेतली तर रक्तातली पातळी पाचपटीपर्यंत वाढते. कोलेस्टेरॉल ३४८ बघून आहाराच्या कागदावर आधीच ‘तेल, तूप, दूध बंद’ असं लिहिलेलं होतं. बाई आज्ञाधारक. पहिले काही दिवस तिनं गोळी कोरड्या भाकरीबरोबर घेतली. परिचारिकेनं सहज विचारलं म्हणून हे कळलं. तो कागद फाडून नवा लिहिला: गोळी दोन्ही वेळा जेवणात, वाटीभर दुधासोबत. मेंढीचं दूध गाईच्या दुधापेक्षा बरंच दाट असतं आणि ते वाड्यावर होतंच. यकृताच्या आणि पांढऱ्या पेशींच्या तपासण्या दर पंधरा दिवसांनी ठरवल्या, कारण या औषधाचा त्रास तिथं आधी दिसतो.

दोन आठवडे गोळ्या झाल्यावर पेअर केलं. गाठीतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. भूलतज्ज्ञ ॲड्रेनॅलिन भरून शेजारी उभे होते. आधी थोडं पाणी काढून त्यात पित्त नाही याची खात्री केली. पित्तनळीशी जोड असती तर आत सोडलेल्या २० टक्के मिठाच्या पाण्यानं नळ्या कायमच्या खराब झाल्या असत्या. पाणी स्वच्छ होतं. त्या रात्री अंगावर थोड्या गांध्या उठल्या, इतकंच.

कठीण आठवडा

पेअरनंतर दोन आठवड्यांनी लघवीतली प्रथिनं ७.४ आली, म्हणजे आधीपेक्षा जास्त. बाई खचली. नवऱ्यानं विचारलं, “गाठ गेली न्हवं, मग ह्ये वाढलं कशानं?” स्टिरॉइडचा प्रश्न पुन्हा टेबलावर आला.

दोन शक्यता होत्या. कृमी मरताना त्याची प्रथिनं एकदम रक्तात येतात, त्यामुळे काही काळ प्रतिक्रिया भडकू शकते. किंवा मोजमापच चुकलं असेल. चोवीस तासांची लघवी डब्यात साठवायची, तीही पालावर, मेंढरं हाकताना. हे कुणाला जमणार? त्यानंतर आम्ही तो प्रकार सोडला आणि सकाळच्या एका नमुन्यातलं प्रथिन-क्रिएटिनिनचं प्रमाण धरलं. क्रिएटिनिन ०.९ होतं, लिहून ठेवलेली हद्द ओलांडलेली नव्हती, म्हणून थांबलो.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी प्रमाण ३.९ वर आलं, अल्ब्युमिन २.६. सहा महिन्यांनी १.४ आणि ३.३. अल्ब्युमिन तिनाच्या वर टिकल्यावर वॉर्फरिन बंद केलं. वर्षानं प्रमाण ०.४. गाठ आक्रसून घट्ट, निष्क्रिय झाली होती. स्टिरॉइड लागलंच नाही.

यावरून गाठ काढल्यानं मूत्रपिंड बरं झालं असं ठामपणे म्हणता येईल का? मी म्हणणार नाही. आपोआप बरे होणाऱ्या एक तृतीयांशांत ही बाई असू शकते. डायक्लोफेनॅकनंही मेम्ब्रेनस होतं आणि ते थांबवल्यावर उतरतं. आम्ही डायक्लोफेनॅक बंद आणि गाठीवरचा उपचार चालू, हे दोन्ही एकाच आठवड्यात केलं. बायोप्सीच्या तुकड्यात कृमीचं प्रथिन दाखवता आलं असतं तर दुवा पक्का झाला असता. ती तपासणी झाली नाही. क्रम मात्र योग्य होता असं मला वाटतं, आणि कारण काहीही निघालं असतं तरी तो योग्यच ठरला असता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी पहिल्या दवाखान्यात होती. सुजेवर लघवीची गोळी लिहिण्याआधी लघवीत प्रथिनं दाखवणारी पट्टी बुडवली असती तर दोन महिने वाचले असते. पहिल्या सोनोग्राफीत ‘साधी सिस्ट’ लिहिताना रुग्णाचा धंदा विचारला असता, तरी भिंत पुन्हा निरखली गेली असती. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडं साताऱ्यातलं माण-खटाव या भागांतल्या मेंढपाळाच्या यकृतात गाठ दिसली की ती हायडॅटिड नाही हे आधी सिद्ध करावं, असं माझं मत आहे.

घरच्यांची सोनोग्राफीही लवकर करता आली असती. ती तीन महिन्यांनी झाली. सासूच्या यकृतात चुना धरलेली जुनी, मेलेली गाठ निघाली. तिला काही करायचं नसतं, फक्त अधूनमधून बघायचं. सून वाचवणारी बाई स्वतः तीच गाठ घेऊन कित्येक वर्षं चालत होती. मुलं मोकळी निघाली.

कुत्र्यांचं काम अर्धवट राहिलं. जनावरांच्या डॉक्टरांनी वाड्यावरच्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेल दिलं, पहिल्या दोन-तीन दिवसांची विष्ठा खोल पुरायला सांगितली. हे औषध कृमी मारतं, अंडी नाही. पण एकदा देऊन भागत नाही. वर्षातून किमान चार वेळा द्यावं लागतं आणि त्या चार वेळा वाडा चार तालुक्यांत असतो. प्रत्येक ठिकाणी जनावरांचा दवाखाना वेगळा आणि कुत्र्यांची नोंद कुठंच नाही. शेवटी गोळ्यांचा हिशेब मोठ्या मुलाकडं दिला. जत्रेतलं फोडाचं काळीज आता पुरतात की नाही, असं विचारल्यावर नवरा म्हणाला, “आमी पुरतो. गावातलं बाकीचं कुठं पुरत्यात?”

बाई आता सहा महिन्यांतून एकदा येते. प्रथिनं पुन्हा वाढली तर करायच्या गोष्टी केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत: आधी सोनोग्राफी, मग पीएलए२आर अँटिबॉडी पुन्हा, आणि गुडघ्याला कुठली गोळी चालू आहे ते विचारणं.